शेवटचा भाव काय?

सध्यां आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक नवा पराक्रम मोठ्या अभिमानानें सांगितला जातो. मुलाला क्रिकेटची बॅट हवी होती. नवी घेण्याऐवजीं मोबाइलवर जुनी शोधली. विकणारानें आठ हजार सांगितले होते, ती साडेतीन हजारांत पाडली! हें सांगतांना वडिलांच्या मुद्रेवर जें तेज चढतें, तें पाहिलें म्हणजे वाटतें कीं चिरंजीव त्या बॅटीनें पुढें काय दिवे लावायचे ते लावोत, तीर्थरूपांचें शतक मात्र आजच पुरें झालें. ऐकणारे माना डोलावतात. ती बॅट कोणाची होती, त्यानें ती कां काढली, हें कोणी विचारीत नाहीं. आणि आठ हजार हा भाव मुळांत रास्त होता कीं नव्हता, हें तर सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतें. त्याला ठाऊक असतें तें एवढेंच, कीं साडेचार हजार ‘वाचले’.

या वाचलेल्या साडेचार हजारांविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते सर्वांस गोड लागतील अशी आमची अपेक्षा नाहीं.

भाव करणें हें हलकें काम आहे असें मानणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. वस्तूची किंमत कांहीं आकाशांतून पडत नाहीं. श्रमाचें मोल अचूक मापानें ठरत नसून बाजारांतील घासाघिशीनेंच कसेंबसें जुळतें, असें ॲडम स्मिथनें आपल्या १७७६ सालच्या ग्रंथांत म्हटलें आहे. आणि तो कांहीं जुन्या बाजारांतला दलाल नव्हता, नीतिशास्त्राचें अध्यापन केलेला गृहस्थ होता. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथीयांनीं एकच भाव सांगण्याचा नियम केला तो धर्मबुद्धीनें. घ्यावयाचे पांच आणि सांगावयाचे सात, हें त्यांस असत्य भाषण वाटे. पुढें मोठमोठ्या दुकानांनीं तोच नियम उचलला, पण तो धर्मबुद्धीनें नव्हे. शेंकडों नोकरांनीं हजारों गिऱ्हाइकांशीं वाद घालीत बसणें परवडेना म्हणून. तेव्हां ‘एकच भाव’ ही सभ्यतेची खूण आणि घासाघीस ही असंस्कृतपणाची, हा समज इतिहासाला धरून नाहीं. आपल्याकडे वेष्टनावर जी किंमत छापलेली असते तीही कमाल किंमत होय. तिच्याहून कमी मागूं नये असें कोणत्याही कायद्यांत सांगितलेलें नाहीं. परंतु गंमत अशी कीं, आमचे हे भाव पाडणारे वीर मॉलमधील थंडगार हवेंत शिरले म्हणजे त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. तेथें बारा हजारांचे बूट ते निमूटपणें घेतात, वर पिशवीचे दहा रुपयेही देतात. सारें शौर्य राखून ठेविलेलें असतें तें, ज्याच्यामागें दुकान नाहीं, पेढी नाहीं, अशा एकट्या माणसासाठीं.

घासाघिशीला आपल्या लोकांत एक रीत होती, आणि ती अडाणी लोकांनींच अधिक कसोशीनें पाळली. गुरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरविण्याची चाल पुष्कळांनीं पाहिली असेल. त्या रुमालाखालीं हात घालण्यापूर्वीं घेणारानें काय काय केलेलें असतें हें लक्षांत घ्या. त्यानें बैलाचे दांत पाहिलेले असतात, खांदा चांचपलेला असतो, त्याला चार पावलें चालवून पाहिलेलें असतें. जनावर न पाहतां भाव बोलणारा शहाणा कोणत्याही बाजारांत हास्यास्पदच ठरेल. मग भाव वरखालीं होतो, मध्यस्थ दोघांनाही चुचकारतो, कोणी उठून जाण्याचें सोंग करतो. पण एकदां आंकडा जुळला आणि इसाराचे पैसे हातावर पडले, कीं बोलणें संपलें. रात्रीं दुसरा कोणी पांचशें जास्त देऊं लागला तरी विकणारा फिरत नाहीं, आणि घेणाराही सकाळीं येऊन ‘शंभर कमी करा, नाहीं तर राहूं द्या’ असें म्हणत नाहीं. म्हणालाच तर पुढल्या बाजारीं त्याच्याशीं कोणी बोलत नाहीं. आमच्या पुण्याच्या जुन्या बाजारांतही, तेथें मालाच्या उगमाविषयीं कोणी फार चौकशी करूं नये हें खरें असलें तरी, भवानीच्या वेळीं गिऱ्हाइकानें कसें बोलावें आणि मागितलेला भाव मिळाल्यावर माघार कां घेऊं नये, याचे संकेत अजून शिल्लक आहेत.

आतां मोबाइलवरील प्रकार पाहा. कोणी एकानें आपल्या बॅटीचे फोटो काढून, तिचें माप, वजन, लांकूड, वापर यांची माहिती देऊन ती विक्रीस लाविली आहे. घटकाभरांत पहिला संदेश येतो. त्यांत नमस्कार नाहीं, नांव नाहीं, बॅटीविषयीं एकही प्रश्न नाहीं. दोनच शब्द असतात: ‘लास्ट प्राइस?’ म्हणजे शेवटचा भाव काय? ज्या संभाषणाचा आरंभ झालेला नाहीं त्याचा शेवट आधीं मागावयाचा! घासाघीस म्हणजे दोन माणसांनीं एकमेकांकडे पावलें टाकीत येणें. यांत दुसऱ्यानें एकट्यानेंच सगळें अंतर चालून यावें आणि आपण आपल्या आरामखुर्चीवरून त्याला ‘अजून पुढें’ म्हणावें, अशी योजना असते. त्यानें सात हजार म्हटलें कीं उत्तर येतें, ‘तीन देतों, आज घेऊन जातों.’ तीनच कां, अडीच कां नव्हे, चार कां नव्हे? याला कांहीं उत्तर नसतें. बॅटीचा तळ फुगलेला आहे म्हणून तीन, मूठ हलते म्हणून तीन, असें त्यानें म्हटलें असतें तर आम्हीं त्याला मान दिला असता. तो ‘तीन’ म्हणतो, कारण कोणत्याही जुन्या वस्तूला सांगितल्याच्या निम्म्याहून कमी मागावें, असें त्याला कोणी मित्रानें शिकविलेलें असतें.

याचा परिणाम काय होतो तें उघड आहे. दुसऱ्या खेपेस विकणारा शहाणा होतो. त्याला सहा हवे असतात, तो दहा लिहितो. घेणाऱ्याला हें माहीत असतें, म्हणून तो तीनाऐवजीं अडीच म्हणतो. ज्या बिचाऱ्यानें प्रथमपासून रास्त तोच आंकडा लिहिला, त्यालाच या व्यवहारांत ठकविलें जातें. मग कांहीं जण ‘भाव पक्का, घासाघीस नको’ असें लिहितात. तरी संदेश येतोच, ‘तें ठीक, पण शेवटचा भाव काय?’

आमची खरी तक्रार मात्र याहून खोल आहे. या व्यवहारांत वस्तूचें ज्ञानच अनावश्यक ठरलें आहे. बॅट ही गादी किंवा चादर नव्हे, कीं वापरली म्हणजे तिचें मोल उतरलेंच. इंग्लिश विलोची नवी बॅट दुकानांतून आणली म्हणजे लगेच सामन्यांत नेतां येत नाहीं. तिला जवसाचें तेल हलक्या हातानें द्यावें लागतें, लांकडी हातोडीनें किंवा जुन्या चेंडूनें तासच्या तास ठोकावी लागते, मग जुन्या चेंडूंवर कांहीं दिवस खेळवावी लागते. तेव्हां कोठें तिच्या पृष्ठभागाचे तंतू दबून घट्ट होतात आणि ती नव्या चेंडूचा मार सोसूं लागते. ज्यानें ही सेवा मनापासून केली आहे, त्याची एका हंगामाची बॅट ही पुष्कळदां नव्या बॅटीहून खेळावयास चांगली असते. उलटपक्षीं, मुंबईंत १९४८ पासून भर पावसाळ्यांत खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमधून दोन-तीन वर्षें फिरलेली बॅट वरून कितीही देखणी दिसो. तिच्या तळानें पाणी प्यालें असण्याचा संभव असतो, आणि तळ एकदां फुगला कीं तेथूनच लांकूड उकलूं लागतें. या दोन बॅटींना ‘जुनी, म्हणून निम्मा भाव’ हा एकच गज लावणें म्हणजे सोनें आणि कोळसा एकाच तराजूंत एकाच दरानें तोलणें होय.

लांकडाचीही तीच कथा. काश्मिरी विलो आणि इंग्लिश विलो यांच्या किमतींत केवढें अंतर असतें, हें धोबी तलावावरील कोणताही दुकानदार सांगेल. पुष्कळ इंग्लिश विलो ओबडधोबड तुकड्यांच्या रूपानें इंग्लंडहून मिरत आणि जालंदर येथें येतें आणि तेथें त्याच्या बॅटी होतात, हें मात्र भाव पाडणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतें. दर्शनी बाजूवरील उभ्या रेषा मोजण्याचा एक छंद अलीकडे बोकाळला आहे. रेषा जितक्या अधिक तितकी बॅट श्रेष्ठ, असें समजून लोक फोटो मोठा करून रेषा मोजतात. दाट रेषांचें लांकूड लवकर खेळतें हें खरें असेल. पण तें लवकर थकतेंही, असा खेळाडूंचा अनुभव आहे, आणि वापरलेली बॅट घेणारानें तर या दुसऱ्या गोष्टीचाच विचार आधीं करावयास हवा. पण रेषा घरबसल्या मोजतां येतात. तळ पाहण्यासाठीं उठून जावें लागतें!

कोणी म्हणेल, विकणारे तरी कोठें साधु लागून गेले आहेत? हें आम्हांस मान्य आहे, आणि त्यांना मोकळें सोडण्याची आमची इच्छा नाहीं. कडेची भेग झांकण्यासाठीं तिच्यावर नवी पट्टी चिकटविणें, काश्मिरी लांकडावर नामांकित कंपनीचीं चित्रें डकवून तें इंग्लिश म्हणून खपविणें, तीन हंगाम झोडलेल्या बॅटीस ‘फक्त दोन सामने’ म्हणणें, हे सर्व प्रकार चालतात. यांपैकीं पट्टीचा आणि चित्रांचा प्रकार ही नुसती लबाडी नव्हे. माहीत असलेली गोष्ट क्रियेनें लपविणें हें आपल्या १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणें सरळ कपट आहे. परंतु त्याच कलमांत पुढें असेंही सांगितलें आहे कीं निव्वळ मौन म्हणजे कपट नव्हे. आणि तेथें दिलेलीं घोड्याचीं उदाहरणें इतकीं मार्मिक आहेत कीं तीं प्रत्येक घरांत सांगावींत. लिलावांत घोडा विकतांना त्याचा दोष ठाऊक असूनही विकणारा गप्प बसला, तर तें कपट होत नाहीं. मात्र घेणारी त्याची स्वतःची नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच दोष सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारानें जर तोंडावर म्हटलें कीं, ‘तूं नाहीं म्हणाला नाहींस तर मी घोडा निर्दोष धरून चालेन,’ आणि तरीही तो गप्प राहिला, तर तें मौन बोलण्याच्याच तोलाचें होतें.

याचा अर्थ काय? १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतही, ज्याचा त्या वस्तूचा धंदाच नाहीं अशा खासगी माणसाकडून घेतलेल्या मालाच्या प्रतीची हमी कायदा सहसा आपण होऊन देत नाहीं. पाहून घेण्याची जबाबदारी घेणारावर आहे. तेव्हां घेणाराच्या हातांत शस्त्र आहे तें विचारण्याचें. ‘तळाला भेग आहे का? मूठ कधीं बदलली आहे का? पट्टीखालीं कांहीं आहे का? नसेल असें धरून मी येतों,’ एवढे चार शब्द लिहिले तर विकणाराच्या मौनालाही बोलतें करण्याची सोय कायद्यानें करून ठेविली आहे. आणि आमचे सुशिक्षित लोक तें शस्त्र टाकून देऊन विचारतात काय, तर शेवटचा भाव!

या सर्वांत भरडलें कोण जातें? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला; पुढें २००१ सालीं ज्या कार्यासाठीं त्यास इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें, त्याचें मूळ त्या निबंधांत आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हें विकणाराला कळतें, घेणाराला कळत नाहीं. म्हणून घेणारा दोहोंच्या मधला भाव देऊं करतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाहीं, तो बाजारांतून उठून जातो. मग राहिलेल्या गाड्यांत खराबच अधिक, म्हणून भाव आणखी उतरतो, त्याहून बरा मालकही निघून जातो. आणि शेवटीं बाजारांत उरतो तो केवळ गाळ. आमच्या बॅटींच्या बाजारांत हीच क्रिया चालू आहे, आणि न पाहतां निम्म्याहून कमी भाव बोलणारे लोक तिला आणखी गति देत आहेत. ज्याची बॅट चांगली आहे तो दोन दिवस ‘लास्ट प्राइस’ ला उत्तरें देतो, तिसऱ्या दिवशीं वैतागून बॅट माळ्यावर टाकतो. आपल्या घरांच्या माळ्यांवर आज किती चांगलें इंग्लिश विलो उंदरांच्या स्वाधीन झालें असेल, कोणास ठाऊक!

माळ्यावर गेलेली ती बॅट ज्याला मिळावयास हवी होती, त्याचें नुकसान कोणाच्या हिशेबांत येत नाहीं. मुलांच्या बॅटींचीं मापें एक ते सहा, मग हॅरो, मग पूर्ण माप, अशीं चढत जातात. वाढत्या वयाच्या मुलाची बॅट दीड-दोन वर्षांत आंखूड होते. बॅट मात्र पुष्कळदां तेव्हां नुकती कोठें रंगांत आलेली असते. एका घरांत निरुपयोगी झालेली सहा नंबरची बॅट दुसऱ्या घरांत जावी, हा खेळ परवडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. ज्याच्या वडिलांना नवी बॅट, पॅड, ग्लोव्हज यांचा पंधरा-वीस हजारांचा भार झेपत नाहीं, त्याला तर हाच एक मार्ग आहे. शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर दुसऱ्याच्या बॅटीनें खेळत वाढलेलीं मुलें आम्हीं कमी पाहिलेलीं नाहींत. पूर्वीं अशा बॅटी चुलतभावाकडून, शेजारच्या दादाकडून येत. आतां शेजार तुटला, आणि त्याची जागा मोबाइलवरील या बाजारानें घेतली आहे. तो बाजार नासला तर या मुलांना दुसरा दरवाजा नाहीं. आणि त्या बाजारांत साडेतीन हजारांचा विजय मिरविणारे आमचे गृहस्थ बहुधा असे असतात, कीं ज्यांना नवी बॅट सहज परवडली असती!

विकणाराही पुष्कळदां कोण असतो? महाविद्यालयांत हें दरवर्षीं आमच्या डोळ्यांपुढें घडतें. पहिल्या वर्षाला खांद्यावर भली मोठी किटबॅग घेऊन आलेला मुलगा शेवटच्या वर्षाला ती बॅग विकावयास काढतो. कधीं स्पर्धापरीक्षेच्या वर्गाची फी भरावयाची असते, कधीं वडिलांची नोकरी गेलेली असते, कधीं नुसतेंच कळून चुकलेलें असतें कीं आतां खेळणें होणार नाहीं. त्या वयाच्या मुलाला घासाघीस येत नाहीं; शिवाय आपण विकतों आहों याचीच त्याला अर्धी लाज वाटत असते. पन्नाशीचा, चांगल्या पगाराचा मनुष्य त्या लाजेचा अंदाज घेऊन भाव पाडतो, आणि घरीं येऊन मुलाला सांगतो, ‘बघ, असा व्यवहार करावा.’ मुलगा तें बघतो आणि शिकतोही.

यांतला सर्वांत हीन प्रकार म्हणजे दारांतली घट. भाव मोबाइलवर ठरलेला असतो. विकणारानें त्या भरवशावर दुसऱ्या दोघांना नकार दिलेला असतो, सुटी घेतलेली असते, किंवा बॅट घेऊन तो लोकलनें दादरपर्यंत आलेला असतो. तेथें घेणारा बॅट हातांत घेतो, उगाच दोनदां फिरवून पाहतो आणि म्हणतो, ‘माझ्याजवळ तीनच आहेत.’ इतका वेळ यू.पी.आय. नें चहाचे पंधरा रुपये देणारा हा मनुष्य एकाएकीं रोख रकमेच्या तंगींत कसा सांपडतो? त्यानें न सांगितलेला दोष दाखविला असता तर भाव पुन्हां बोलण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. दोष नसतां, समोरच्याची परत जाण्याची अडचण हेरून भाव उतरविणें याला व्यवहारचातुर्य म्हणणारांस आम्ही एवढेंच विचारतों, कीं रिक्षावाल्यानें अर्ध्या वाटेवर रिक्षा थांबवून जादा पैसे मागितले तर आपण त्यास काय म्हणतां?

आणखी एक गोष्ट, आणि ती भावाच्या पलीकडची आहे. क्रीडासाहित्याच्या या बाजारांत हेल्मेटेंही विकलीं जातात, आणि त्यांवरही अशीच घासाघीस होते. हेल्मेटाचें काम एकदांच मार खाऊन तो डोक्यापर्यंत पोंचूं न देण्याचें असतें. जोराचा चेंडू बसलेलें हेल्मेट बाहेरून धड दिसलें तरी आंतून निकामी झालेलें असूं शकतें, म्हणूनच तें बदलावें असें सांगतात. २०१४ च्या नोव्हेंबरांत सिडनी येथें फिलिप ह्यूज या ऑस्ट्रेलियन फलंदाजास हेल्मेटाखालीं, मानेजवळ चेंडू लागून त्याचा मृत्यु झाला. त्यानंतर मानेच्या रक्षणासाठीं मागें जोड बसविण्याची पद्धत आली. त्यापूर्वींच्या हेल्मेटांना तो जोड नाहीं. अशीं हेल्मेटें चारशें-पांचशें रुपयांना मिळतात, आणि तींही कोणी तीनशांना पाडून आपल्या दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर चढवितो. येथें विकणारा आणि घेणारा दोघेही दोषी आहेत. वाटल्यास बॅट दुय्यम घ्या, पॅड जुनीं घ्या; हेल्मेट मात्र नवें घ्या, आणि तुमचें जुनें हेल्मेट कोणाला विकूं नका.

आम्ही सुचवितों तें फार अवघड नाहीं. विकणारानें तळाचा, कडांचा आणि मुठीच्या सांध्याचा फोटो पट्टी काढून द्यावा, आणि दोष असेल तो स्वतःच लिहावा. दोष लिहिलेल्या बॅटीचा भाव कमी येतो हें खरें, पण ती विकली जाते. घेणारानें आधीं विचारावें, मग पाहावें, मग बोलावें. आणि कमी मागावयाचें तर कारणासह मागावें. पांचशें रुपयांचा कां होईना, इसार द्यावा; तो एका क्षणांत पाठवितां येतो. मात्र पैसे घेणारास कधींही आपला गुप्त आंकडा टाकावा लागत नाहीं, तो टाकावयास सांगणारा बहुधा ठकच असतो, हें विकणारानें ध्यानांत ठेवावें. आणि इतकें करून बॅट नकोच असें ठरलें, तर ‘नको’ असें कळवावें. दोन अक्षरें लिहावयास फार वेळ लागत नाहीं. आणि तिकडे कोणी तरी, ठरलेली चारची वेळ टळून गेली तरी, पांच वाजेपर्यंत घराबाहेर न पडतां वाट पाहत बसलेला असतो.